पंचांग घेऊन विजयदुर्गला: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

विजयदुर्गला जायचं ठरलं की गाडीचं सर्व्हिसिंग आणि खोलीचं बुकिंग थोडं थांबू दे. आधी पंचांग काढा आणि जायच्या दिवसांच्या तिथी बघा. पंचांगाची आपल्याकडे काय वाण? दाते पंचांग सोलापूरचंच. आपण ते मुहूर्त, एकादशी, संकष्टी यांसाठी उघडतो. त्यात समुद्राची वेळही असते, हे मला चाळीशी ओलांडल्यावर कळलं.

कळलं ते असं. पहिल्यांदा आम्ही चौघं किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालो होतो: मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. गाडी मी चालवते. देवगडच्या पुढं एका रिकाम्या पुळणीवर दुपारी साडेतीनला ओली वाळू अशी घट्ट दिसली, की मी गाडी सरळ खाली उतरवली. आमच्याकडची काळी माती ओली असली की चाक रुततं. इथं मात्र गाडी रस्त्यावरून चालावी तशी गेली. आम्ही लांबवर चालत गेलो, शिंपले वेचले. साडेपाचला परत आलो तेव्हा पुढच्या चाकांना पाणी लागलं होतं आणि चाकं जागच्या जागी फिरत होती. वाडीतली चार माणसं दोर घेऊन धावत आली आणि त्यांनी गाडी ओढून काढली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या खारव्यानं विचारलं, "वैनी, आज तिथी खंयची?" मला ठाऊक नव्हतं. मागून सासूबाई म्हणाल्या, "द्वादशी. सकाळीच एकादशी सोडलीय मी." त्यानं बोटांवर मोजलं. बारा त्रिक छत्तीस, छत्तीसचा चौथा हिस्सा नऊ. म्हणजे भरती नऊला, आणि ओहोटी सव्वातीनच्या सुमाराला होऊन गेलेली. आम्ही गाडी लावली तेव्हाच पाणी परत फिरलं होतं.

हा हिशेब पाठ करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिथीचा आकडा घ्या, तीननं गुणा, चारनं भागा. येईल ती भरतीची वेळ, सकाळची आणि रात्रीची दोन्ही. तिथी पक्षातली मोजायची, शुद्ध असो वा वद्य. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. अर्धा तास इकडंतिकडं होतं, म्हणून होडीत बसायचं असेल तर मोबाइलवर नेमकी वेळ बघा आणि तिथल्या माणसाला विचारा. पण घरी बसून सहल आखायला हा हिशेब पुरतो. आणखी एक: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागं जातं. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, पाणी त्या मानानं थोडंच हलतं.

मग दिवस कुठले धरायचे? पुळणीवर सकाळ-संध्याकाळ चालायचं असेल तर पौर्णिमेच्या जवळचे, तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला येते. संध्याकाळी तटाला लाटा लागताना बघायच्या असतील तर सप्तमी ते नवमी. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते सप्तमीला पोचून नवमीला निघालो. ते फार चांगलं जमलं.

रस्ता

सोलापूर ते विजयदुर्ग पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी पाचला निघा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहे, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात नाश्ता करा आणि टाकी भरून घ्या. पुढं पंप आहेत, पण घाटात काटा खाली गेल्याची काळजी नको.

वेळ हाताशी असेल तर कोल्हापुरातून थोडी वाट वाकडी करून पन्हाळा बघता येतो, आणि तो बघण्यामागं कारण आहे. पन्हाळा आणि विजयदुर्ग, दोन्ही किल्ल्यांचं बांधकाम शिलाहार राजा दुसरा भोज याच्याकडं नेतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन या एकाच फेरीत बसतात. माझं मत विचाराल तर पन्हाळा परतीसाठी ठेवा. जाताना समुद्राची ओढ असते, मन तिथं रमत नाही.

कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस. गगनबावड्याहून खाली उतरायला दोन घाट आहेत: वैभववाडीकडं करूळ आणि खारेपाटणकडं भुईबावडा. करूळ घाट कामासाठी आणि दरडींमुळं बंद राहिलेला आहे, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी कराच. आपल्याकडच्या सपाट रस्त्यांची सवय असलेल्यांना सांगते: उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, सारखा ब्रेक दाबत बसू नका. चढणाऱ्या गाडीला वाट द्या. धुकं असेल तर गगनबावड्यातच चहा घेत थांबा, ते तासाभरात उठतं.

तळेऱ्याजवळ मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला की खरं कोकण सुरू होतं. जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या खडकाचं पठार, त्यावर काजू आणि हापूसच्या बागा, रचलेल्या दगडांची कुंपणं. पडेलच्या पुढं हवा बदलते. काच खाली करा. आमच्या सासूबाई त्या ठिकाणी म्हणाल्या, "पाऊस झालाय का गं इथं?" पाऊस नव्हता, ती खारी ओल होती.

सोबत काय घ्यायचं

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारीच्या कडक भाकरीला चार-पाच दिवस काही होत नाही. फक्त कोकणात डबा घट्ट लावा, दमट हवेत भाकरी एका रात्रीत मऊ पडते. सासूबाई माळकरी. मासळीच्या गावात त्यांच्या जेवणाची मला फार काळजी होती, आणि ती उगाच होती. सकाळी सांगून ठेवलं की काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, डाळ-भात, सोलकढी सगळं मिळतं. आधी सांगणं मात्र गरजेचं. विजयदुर्गातल्या खानावळी घरगुती आहेत, तिथं माणसं मोजून भात पडतो. मासे खाणाऱ्यांनी सोमवार, गुरुवार, शनिवार असे वार लक्षात ठेवा, त्या दिवशी बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असतं. ते चावून खायचं नाही, बाजूला काढायचं.

नोटा जवळ ठेवा. प्रत्येक ठिकाणी मोबाइलला रेंज असतेच असं नाही, आणि रेंज नसली की मोबाइलवरचे पैसेही नसतात. तळ खरबरीत असलेल्या चपला घ्या. जांभ्यावर शेवाळ असतं आणि पाय सरकतो. पाणी आपल्याकडच्यापेक्षा जास्त प्या. सोलापूरच्या बेचाळीस अंशांत घाम आल्या आल्या वाळतो, तिथं तेहतीस अंशांतही तो अंगावरून निथळत राहतो. डोकं दुखायला लागलं की ते नुसत्या उन्हानं नसतं, घाम गेल्यानंही असतं. मीठ-साखर-लिंबू प्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, होड्या बंद असतात. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी घरी येतात, तेव्हा खोल्यांची आशा धरू नका.

गावात पोचल्यावर

विजयदुर्ग लहान आहे. एसटी स्टँड, जेटी, बाजारपेठ, किल्ला, सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. म्हणून गाडी मुक्कामाच्या जागी लावा आणि किल्ली खिशात टाका. बरेच लोक मालवणला जाता जाता इथं तासभर थांबतात, भर दुपारी बाराला तटावर जाऊन फोटो काढतात आणि निघतात. तसं करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. इथं किमान दोन रात्री राहा. भरतीचं गाव आणि ओहोटीचं गाव ही दोन वेगळी गावं आहेत, आणि एका तासात त्यातलं एकच दिसतं.

पहिल्या दिवशी चारला किल्ल्यात शिरा. दाराजवळच मारुती आहे. सासूबाई तिथंच टेकल्या, कारण पुढं थोडी चढण आहे. ज्येष्ठांना सोबत नेणार असाल तर त्यांना हाच टप्पा पुरे. गार असतं, येणारी-जाणारी माणसं दिसतात. पुढं जिभीचा दरवाजा. जिभी म्हणजे दारासमोर वळवून बांधलेली भिंत, जिच्यामुळं दार समोरून दिसतच नाही आणि त्यावर नेम धरता येत नाही. मुलांना आधी दार कुठं आहे ते शोधायला सांगा, मग भिंत का वळवली ते आपोआप कळतं.

किल्ला सुमारे सतरा एकरांचा, तीन बाजूंनी पाणी आणि तीन पदरी तटबंदी. आपला भुईकोट पाहिलेल्यानं इथं एक गोष्ट जरूर करावी: दोन्हींची तुलना. आपल्याकडं तटाबाहेर खंदक आणि सिद्धेश्वरचा तलाव, म्हणजे पाणी माणसानं आणलेलं किंवा अडवलेलं. इथं वाघोटण खाडी आणि समुद्रच पहारा देतात. शिवाय बाहेर समुद्रात पाण्याखाली बांधलेली एक भिंत शास्त्रज्ञांना सापडली आहे. खोल तळाचं परकं गलबत जवळ आलं की आपटावं, यासाठी ती बांधली असं मानतात. ती दिसत नाही. पण पश्चिमेच्या तटावर उभं राहून मी ते मुलाला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.

खलबतखाना, धान्याचं कोठार, खूबलढा बुरूज हे सगळं आत आहे. पाट्या आहेत, पण जेटीजवळ एखादा जाणता माणूस मिळाला तर त्याला पैसे देऊन बरोबर घ्या. काही ठिकाणी तट ढासळला आहे. लाटा रोज पायथा खातात. कडेला जाऊन फोटो काढू नका, आणि सुट्या झालेल्या चिऱ्यांवर मुलांना चढू देऊ नका. आत दुकानं नाहीत, पाण्याची बाटली घेऊन जा आणि तीच परत घेऊन या.

तुळाजीची गोष्ट

आता ज्यासाठी मी हा मजकूर लिहायला घेतला ते सांगते. किल्ला बघायच्या आधी ते माहीत असू द्या.

हा किल्ला आधी घेरिया म्हणून ओळखला जायचा. शिवाजी महाराजांनी तो १६५३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं असं सांगतात. पुढं कान्होजी आंग्रे. त्यांच्या काळात इंग्रजांचे हल्ले या तटावरून परत फिरले. मग तुळाजी आंग्रे. तुळाजीचं आणि पेशव्यांचं पटलं नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांचं इंग्रजी आरमार समुद्राकडून आलं आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून. आंग्र्यांची गलबतं बंदरातच पेटली. पिढ्यान् पिढ्या बांधलेलं आरमार बघता बघता गेलं. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि पुन्हा कधी सुटला नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत त्याच्या कैदेच्या जागा दिल्या आहेत: आधी साताऱ्याजवळचा वंदन, आणि त्यानंतर सोलापूर. मरण आलं तेही सोलापुरातच.

मी सोलापुरात जन्मले, वाढले. शाळेच्या सहली भुईकोटात गेल्या. कुणीही मला हे सांगितलं नव्हतं. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळं आयुष्य भरती-ओहोटीवर चाललेला माणूस, आणि शेवट कुठं, तर जिथं समुद्र पावणेचारशे किलोमीटर लांब आहे. त्याचं बरोबर होतं की चूक यावर अभ्यासकांनी बोलावं. पण आपलंच आरमार आपल्या हातानं बुडवायला मदत केली, हे मला आजही टोचतं. म्हणून सोलापूरच्या माणसानं विजयदुर्गाला निव्वळ पर्यटक म्हणून जाऊ नये असं मला वाटतं.

१७५६ मध्येच किल्ला इंग्रजांनी बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांना दिला. पुढं आनंदराव धुळप इथून आरमार बघायचे. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं रेंजर हे जहाज पकडलं. धुळपांचा वाडा गावात आहे. वाड्याजवळ गेलात तर आवाज हळू ठेवा आणि विचारल्याशिवाय आत पाय टाकू नका.

दुसरा दिवस

सकाळी जेटीवर जा. होड्या लागत असतील तर कडेला उभं राहा, जाळ्यांवर पाय देऊ नका. मासळीचा फोटो काढायला कुणी नाही म्हणत नाही, माणसांचा काढायचा असेल तर विचारा. होडीनं खाडीत फिरता येतं, दर आधी ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. पाण्यातून किल्ला बघितला की तिन्ही तट एकाआड एक कसे चढत जातात ते एका नजरेत कळतं. जमिनीवरून ते कळत नाही.

मग ओहोटीची वेळ धरून गिर्येकडं निघा. तिथं खाडीच्या कडेला आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, खडक तासून केलेली. मी ऑफिसात आकड्यांचं काम करते, यंत्रातलं मला फार कळत नाही. पण त्या गोदीनं मला थक्क केलं. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी निघून गेलं की तळ उघडा पडतो, मग त्याची डागडुजी करायची. ना पंप, ना यारी. पंचांगावर चालणारा कारखाना. ओहोटीला गेलात तर तासलेला आकार नीट दिसतो, भरतीला गेलात तर तिथं उगाच एक पाण्याचा कोपरा आहे असं वाटतं. आम्ही अष्टमीला गेलो होतो, म्हणून दुपारी बारा-सव्वाबाराची वेळ धरली. ऊन होतं, टोपी घाला.

गिर्येचं रामेश्वर मंदिर रस्त्यावरून दिसत नाही. जांभा खोदून केलेल्या वाटेनं खाली उतरावं लागतं, आणि अचानक समोर देऊळ येतं. सासूबाई तिथं पाऊण तास बसल्या. पायऱ्या आहेत, काठी घ्या.

किल्ल्यावर तुम्हाला साहेबाचा ओटा दाखवतील आणि इथंच लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञानं हेलियम वायू शोधला असंही ऐकू येईल. त्यातलं खरं काय ते मुलांना नीट सांगा. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण या पट्ट्यातून गेलं, हे खरं. पण त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकियरनं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ पाहिली. दर १८ ऑगस्टला इथं लोक जमतात ते मला आवडतं. शास्त्राच्या एका शोधासाठी एक गाव दिवस पाळतं, ही लहान गोष्ट नाही.

संध्याकाळी पुन्हा किल्ल्यात जा. हो, पुन्हा. सहाच्या भरतीला तटाखालून जो आवाज येतो तो आदल्या दिवशी आपण चालण्यात आणि बोलण्यात गमावलेला असतो. या वेळी बोलू नका.

पुढं आणि परत

देवगड तीसेक किलोमीटर. तिथून कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करत मालवण. कुणकेश्वरला देवळाला लागूनच समुद्र आहे, दर्शन सकाळी लवकर घ्या. मालवणला सिंधुदुर्गाच्या होडीसाठी रांग असते, पहिल्या फेरीला पोचा. किनाऱ्याच्या या रस्त्यावर पुळण दिसली की गाडी खाली उतरवायचा मोह होईल. डांबर सोडू नका. आम्हाला मदत मिळाली, प्रत्येक वेळी दोर घेऊन माणसं धावत येतीलच असं नाही.

परतीला कणकवलीहून फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर हा रस्ता मला करूळपेक्षा शांत वाटतो. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. खारं पाणी पत्रा खातं, आणि ते सहा महिन्यांनी दिसतं.

परत आल्यापासून सासूबाईंना एक सवय लागली आहे. सकाळी चहा घेताना त्या भिंतीवरचं पंचांग बघतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि आम्हाला सांगतात, "आज नवमी. पावणेसातला पाणी वर आलं असेल बघ तटाला."